बिनपुढाऱ्याचा हंगाम

दसरा आटोपला की लातूरच्या हवेला एक तेलकट, धुळकट वास सुटतो. आडत बाजाराच्या रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग लागते, ट्रॉल्यांतून सोयाबीनचे दाणे गळतात, त्यांच्यावरून मोटारसायकली घसरतात आणि आमच्या कॉलनीतले लोक नाकाला रुमाल लावून म्हणतात, "यंदा आवक बरी दिसते." हंगाम म्हटलं की माणसांना काय काय आठवतं. कुणाला हुरडा, कुणाला मामाचं शेत. मला पाइप आठवतो. दोन इंची, जस्ती, एका टोकाला आटे पाडलेला.

मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. ज्या गावात पोरं पाळण्यातून थेट नीटच्या क्लासला जातात, तिथे हा विषय शिकवणं म्हणजे मांडवात नवरा-नवरी सोडून तिसऱ्याच माणसाला अक्षता टाकण्यासारखं आहे. पण शिकवते. संघटना स्थापन करण्याचं स्वातंत्र्य हा भाग नेमका याच दिवसांत येतो. फळ्यावर ते शब्द लिहिताना दरवर्षी खडू तुटतो, आणि मागच्या बाकावरची पोरं हसतात. मॅडमला राग लवकर येतो, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलेलं असतं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ व्यंकट, यावर हसला असता. आमचे वडील नांदेडला शाळामास्तर. थोरल्याने बँकेत चिकटावं एवढीच त्यांची इच्छा. थोरला चिकटला शेतमजुरांच्या संघटनेला, तेही कॉलेज अर्ध्यावर सोडून. पंधरा-सोळा वर्षं तो किनवटच्या जंगलापासून बिलोलीच्या सीमेपर्यंत पायी, एसटीने, मिळेल त्या वाहनाने फिरला. खांद्यावर झोळी, झोळीत लाल झेंडा, चटणी-भाकर. घरी यायचा तेव्हा आई आधी त्याच्या पायाचे फोड बघायची आणि मग त्याला शिव्या द्यायची.

मग एका उसाच्या हंगामात तोडणी कामगारांचा संप झाला. बाया कारखान्याच्या फाटकासमोर लेकरं घेऊन उपाशी बसल्या. पुढारी आत विश्रामगृहात बसले आणि त्यांनी संप मागे घेतला. बाहेर बसलेल्या बायांना ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून दादानेच ते वाचून दाखवलं. त्या दिवसापासून तो संघटनेच्या कचेरीची पायरी चढला नाही. राजीनामाही दिला नाही. म्हणाला, "राजीनामा द्यायचा म्हंजे परत त्यांच्याच कागदावर सही करायची."

त्यानंतर तो बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यात राहिला. शेवंतामावशी नावाच्या म्हाताऱ्या मजूर बाईच्या पडवीत खोली घेतली आणि विहिरींवरच्या जळक्या मोटारी भरून द्यायला लागला. तांब्याची तार गुंडाळायची, वरून वार्निश लावायचं, उन्हात वाळवायचं. मी सुट्टीत जायची तेव्हा सगळ्या खोलीला त्या वार्निशचा वास असायचा. वासाने डोकं चढायचं, आणि त्याच्या बोलण्याने तर जास्तच.

"संघटना झाली की तिचं पैलं काम काय? संघटना वाचवनं," तो म्हणायचा. "माणसं मेली तर दुसरी भेटतेत. संघटना मेली तर पुढाऱ्यानं कुठं जायचं?"

"मग करायचं काय? पुढं काय?"

"पुढं काय, हा सवाल मालकाचा असतो, सुमे. उद्याची काळजी त्याला. त्याचं बियानं हाय, त्याचा बाजार हाय. आपलं काय हाय उद्यात?"

"म्हणजे जिंकायचंच नाही?"

"न्हाई. हारनारच. पन हारनाऱ्या माणसानं सकाळी उठून कामाला गेलंच पायजे, असं कुठं लिहिलंय?"

हे बोलताना तो दुःखी नसायचा. हीच तर चीड यायची. हरण्याची इतकी खात्री असलेला माणूस इतका निवांत तार गुंडाळतो कसा? मी त्याला पळपुटा म्हटलं, संन्यासी म्हटलं, एकदा तर सरळ 'मालकांचा एजंट' म्हटलं. तो म्हणाला, "हे तू कचेरीतल्यासारखं बोलून राहिली."

पुढे मी ग्रंथालयं धुंडाळली. तोवर वाद घालायला तो उरला नव्हता. कळलं की दूर देशांतही असे हट्टी लोक होऊन गेलेत, डाव्यांतले डावे. पक्ष, युनियन, समिती, काहीही काढा, काही दिवसांत ज्याच्याशी भांडायला निघालात तोच तुमच्या टेबलाच्या टोकाला येऊन बसतो, असं त्यांचं म्हणणं. व्यवस्थेने सगळं गिळलंय, विरोधसुद्धा. मोर्चाही तिचाच, परवानगीही तिचीच, आणि संध्याकाळच्या बातमीतला फोटोही तिचाच. मग उरतं काय? नाही म्हणणं. झेंडा न घेता, मागणी न करता, कुणाच्याही वतीने न बोलता, नुसतं नाही. या लोकांचा पोलिसांना राग आणि कॉम्रेडांना त्याहून जास्त. वाचताना मला सारखा दादाचा आवाज ऐकू यायचा. काही पानांवर मी रडले आणि काही पानं मला फाडून टाकावीशी वाटली. हे विचार खोलीत बसून ऐकायला फार चांगले आहेत. दवाखान्याच्या दारात भावाचे दात रुमालात धरून उभं राहिल्यावर त्यांचा एका बँडेजाइतकाही उपयोग नसतो.

तो हंगाम सात-आठ वर्षांपूर्वीचा. दादाला दिवाळीसाठी घरी न्यायला मी बिलोलीला उतरले आणि जीपने खेड्यात गेले. ऊन असं होतं की चपलेच्या तळातून पोळत होतं. सोयाबीन पिकून पिवळं-तांबूस झालेलं. एरवी अशा दिवसांत शिवार बायांनी भरलेलं असतं. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, तोंडाला फडकं, बोटांना चिंध्या, कारण शेंगांची टोकं सुईसारखी टोचतात. त्या दिवशी शिवारात कुणी नव्हतं. नुसता आवाज होता. दुपारच्या उन्हात वाळलेल्या शेंगा तडतड फुटत होत्या आणि दाणे मातीत पडत होते. सगळं शिवार दात खात असल्यासारखं वाटलं.

शेवंतामावशीने पाणी दिलं आणि सांगितलं. चार दिवसांपूर्वी मालकाच्या खळ्यावर रास चालू होती. मालक म्हणजे गावातला सगळ्यात मोठा जमीनवाला. गंगामणी नावाची मजुरांतली एक तरणी सून हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात, पेंढ्या टाकत होती. शर्टाची बाही अडकली. मशीनचा आवाज क्षणभर जाड झाला आणि परत पहिल्यासारखा झाला. तेवढ्यात कोपरापासून हात गेला. दाणे पडतात त्या तोंडातून लाल दाणे पडले. तिला जीपमध्ये घालून नांदेडला नेलं. जीप वळणावरून दिसेनाशी व्हायच्या आत मालकाच्या पुतण्याने लाल झालेले दाणे फावड्याने बाजूला ओढले आणि उरलेल्याची पोती शिवायला घेतली. संध्याकाळी मशीन पाण्याने धुतली. सकाळी परत चालू केली आणि बायांना हाक मारली.

कुणी गेलं नाही.

"कुणी ठरवलं, मावशी?"

"ठरवायचं काय त्यात? मी न्हाई गेले. शेजारीन न्हाई गेली. ती गेली न्हाई म्हनून मी न्हाई गेले, का मी न्हाई म्हनून ती, ते आता देवालाच ठाव."

"बैठक झाली असेल ना?"

"कशाला? समद्या रोजच्यावानी घरातच होत्या की."

मालकाने निरोप पाठवला, मागणी काय? उत्तर गेलं नाही. दुसरा निरोप आला, गंगामणीचं बघू काहीतरी, या. उत्तर नाही. मग बाकीच्या जमीनवाल्यांचंही सोयाबीन उभं राहिलं, कारण त्यांच्याकडेही बाया गेल्या नाहीत. मागणी असती तर तोडपाणी झालं असतं. माणसांना शिवी सहन होते, मागणी सहन होते, पण गप्प बसलेल्या बायांचं काय करायचं ते कुणालाच कळेना. रोज दुपारी शेंगा फुटायच्या आणि रोज संध्याकाळी पारावर एकच वाक्य फिरायचं, "ह्यांच्या मागं कोन तरी हाय."

मी दादाला म्हटलं, "अरे, निदान दोन ओळी लिहून दे. मशीनला जाळी बसवा, तिला भरपाई द्या. तुला लिहिता येतं, त्यांना येत नाही."

"मी लिहिलं की ते माझं झालं," तो म्हणाला. "ते त्यांचं हाय. राहू दे त्यांचं."

"आणि उद्या त्या उपाशी मरतील तेव्हा?"

"मरतील. गेल्या वर्षी कामावर जाऊन बी उपाशीच होत्या." आणि मग म्हणाला, "सुमे, इतकी वर्षं मी लोकांला उठवत फिरलो. एक बी येळा कुनी असं बसलं न्हाई. माझी गरजच नव्हती कधी. ह्याचा मला केवढा आनंद झालाय, तुला कसं सांगू?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी दादाला आनंदाने रडताना तेवढंच एकदा पाहिलं. मला त्याचा तो आनंद तेव्हा आवडला नाही आणि आजही आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते ट्रॅक्टरवरून आले. मालक, पुतण्या आणि आणखी तिघे. पुतण्याची मोटार दादाने आठवड्यापूर्वीच भरून दिली होती. दादा ओट्यावर बसून तार सरळ करत होता. मी आत चहा टाकत होते, दारातून सगळं दिसत होतं.

"व्यंकटराव," मालक म्हणाले, "बायांला सांगा. उद्यापासून कामावर."

"माझं कोन ऐकतंय?"

"तुमचंच ऐकतेत. आमाला काय कळत न्हाई का? झेंडे घेऊन फिरलेली मानसं तुमी."

"मी सांगून बसल्या असत्या, तर मी सांगून उठल्या असत्या. मी सांगितलंच न्हाई."

"मग कोनी सांगितलं?"

"कोनीच न्हाई," दादा म्हणाला, आणि हसला. तोंड लपवून नाही, मोकळेपणाने हसला. मला वाटतं, त्या हसण्यानेच घात केला. 'बरं, सांगतो' एवढंच म्हटलं असतं तरी ते निघून गेले असते. खोटं बोलून एक दिवस मिळाला असता, त्याच रात्रीची एसटी मिळाली असती. पण आपण पुढारी आहोत हे खोटं त्याच्या तोंडून निघेना.

पहिला पाइप गुडघ्यावर बसला. तो आवाज मला सांगता येत नाही. वाळलेली तुराटी मोडते तसा, पण आत ओल असलेला. दादा कुशीवर पडला. दुसरा खांद्यावर, तिसरा बरगड्यांवर. प्रत्येक घावाला पुतण्या विचारत होता, "सांगतो का न्हाई? सांगतो का न्हाई?" चौथा जबड्यावर बसला. त्यानंतर दादाला हो म्हणायचं असतं तरी म्हणता आलं नसतं, आणि ते विचारतच राहिले. दात ओट्यावर सांडले. वार्निशचा डबा कलंडला, त्यात रक्त मिसळलं. मी पुतण्याच्या मनगटाला चावले. हाड लागेपर्यंत चावले. तोंडात त्याचं रक्त आलं, खारट, कोमट, आणि मी सोडलं नाही. त्याने मला भिंतीवर आपटलं.

मग गल्ल्यांमधून बाया आल्या. कुणी हाक दिली नव्हती. हातात इळे होते, दगड होते, एकीच्या हातात लाटणं होतं. एका इळ्याने मालकाचा कान फाटला. ट्रॅक्टर मागे घेताना एक म्हातारी चाकाखाली येता येता वाचली. त्या दिवशी त्यांनी मालकाची खांडोळी करून टाकली असती, आणि थांबा म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. मीही म्हणाले नाही. ट्रॅक्टर सुटला म्हणून तो जगला, एवढंच. बिनपुढाऱ्याच्या माणसांचं हेही एक रूप असतं, दादा, ते तू बघितलं नाहीस. तू तेव्हा स्वतःचं रक्त गिळत होतास.

नांदेडच्या दवाखान्यात लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तो गेला. बाहेर पोरं टिकल्या फोडत होती.

पोलीस ठाण्यात 'अज्ञात इसम' असं लिहून घेतलं होतं. मी नावं सांगत होते, जमादार मान डोलावत होता आणि पेन खाली ठेवत होता. तेव्हा काशिनाथराव आले. संघटनेचे जिल्हा सरचिटणीस, दादाचे जुने जोडीदार. कारखान्याच्या विश्रामगृहात बसलेल्यांपैकी एक. त्यांच्या हातात घडी केलेला झेंडा होता.

"ताई, त्याच्या अंगावर घालू द्या," ते म्हणाले. "मग बघतो गुन्हा कसा नोंदवत नाहीत ते."

"तो तुमच्यात नव्हता."

"आता तो कुठंच न्हाई. तुमाला आरोपी पायजेत का न्हाई?"

मला आरोपी पाहिजे होते. फासावर पाहिजे होते. शेवंतामावशी आणि चार-पाच बाया टेम्पो करून आल्या होत्या, मी त्यांच्याकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "तुमचा भाऊ, माय. तुमी सांगा." त्यांना कुणाच्या वतीने बोलायची सवय नव्हती. मी म्हणाले, घाला झेंडा. दादाचं तत्त्वज्ञान दादाबरोबर जळू द्या. त्याला ते परवडलं, मला परवडणार नव्हतं. तासाभरात ठाण्यापुढे रस्ता भरला, घोषणा झाल्या, पेन चाललं. संपाचं नेतृत्व करणाऱ्या नेत्याचा खून, असा गुन्हा नोंदला. पाचही जण धरले गेले. संघटना काय असते ते त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तिच्यापुढे हात जोडले.

नंतर जामीन झाले, तारखा पडत राहिल्या. दरवर्षी दिवाळीच्या आधी नांदेडला स्मृतिसभा होते. मंचावर दादाचा फोटो, झेंडा धरलेला, विशीतला. 'संघटनेचा खंदा शिलेदार' अशी भाषणं होतात. एका वर्षी गंगामणीलाही मंचावर बसवलं. एका हाताने तिने हार घातला, जेवली आणि भाषण न करताच निघून गेली. मी पहिल्या रांगेत बसते. घोषणा देते. घसा बसेपर्यंत देते.

यंदा खटला शेवटी उभा राहिला, तोही सोयाबीनच्याच दिवसांत. साक्षीच्या आधी सरकारी वकिलांनी समजावलं की मार पाहणारी मी एकटीच, तीही सख्खी बहीण, म्हणून माझ्या डोळ्यांवर कोर्ट सहज विश्वास ठेवणार नाही. मारण्याचं कारण पक्कं दिसायला हवं. तो पुढारी होता, त्याने बाया बसवल्या, पीक झडलं, म्हणून मारला. ही साखळी तुटली की समोरचे म्हणणार, ज्याचा कशाशीच संबंध नाही त्याला हे कशाला मारतील?

त्याच संध्याकाळी काशिनाथराव लातूरला घरी आले. थकलेत आता. चहाचा कप हातात धरून बसले. मालकाच्या घराशी संघटनेची आघाडी झाली होती, निवडणुका तोंडावर होत्या. हे सांगायला त्यांना बराच वेळ लागला.

"ताई, मी खोटं बोला म्हणत न्हाई. खरं तेच सांगा. तो तेव्हा आमच्यात नव्हता. त्यानं कुनाला बसवलं न्हाई. एवढंच."

इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा दादाबद्दल खरं बोलत होता. दादा, तू शब्दाशब्दाने बरोबर होतास, आणि तुझं बरोबर असणं आता तुझ्या मारेकऱ्यांच्या कामी येणार होतं. मी काशिनाथरावांच्या हातातून कप काढून घेतला आणि दार उघडलं. ते जिन्यावरून उतरताना मी त्यांना जे बोलले, ते छापता येणार नाही.

परवा बिलोलीच्या कोर्टात उभी राहिले. मालक खुर्चीवर, कानाची पाळी फाटलेली. पुतण्याचं पोट सुटलंय, डोक्यावर टक्कल पडतंय. त्याच्या मनगटावर माझे दात अजून आहेत. ते पाहून मला बरं वाटलं. सगळं सांगितलं, पाइप, जबडा, ट्रॅक्टर. मग त्यांचे वकील उठले. सभ्य माणूस, आवाज मऊ.

"मॅडम, आपण राज्यशास्त्र शिकवता. शपथेवर सांगा. आपला भाऊ त्या वेळी कुठल्या संघटनेत होता का? त्या बायकांचा तो पुढारी होता का?"

पंखा फिरत होता. टंकलेखकाची बोटं थांबली होती. दादाने आयुष्यात मिळवलेली एकच गोष्ट माझ्या हातात होती. त्याने कुणावरही हक्क सांगितला नाही, ही. ती जपावी तर हे पाच जण उद्या घरी जाऊन जेवतील. मला त्याच्या विचारांची शरम नव्हती. मला सूड हवा होता, आजही हवा आहे, आणि सुडासाठी माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

"होता," मी म्हणाले. "तोच पुढारी होता. त्याच्या एका शब्दावर साऱ्या बाया बसल्या होत्या."

न्यायाधीशांनी ते वाक्य टंकलेखकाला सांगितलं. मी पुतण्याकडे पाहत होते. वाटलं, आता तरी घाबरेल. पण त्याचा चेहरा सैल झाला. इतकी वर्षं कुठेतरी अडकलेला श्वास सुटावा तसा त्याने सोडला आणि मालकाकडे पाहून हळूच मान हलवली. आपण मारला तो माणूस बरोबर होता, हे त्याला शेवटी शपथेवर कळलं होतं.